वर्दीतलं धड

शिवपुत्रअण्णा कलशेट्टींच्या स्टुडिओत एक ड्रॉवर आहे, त्यात धडं ठेवलेली असतात. दचकू नका, फोटोतली धडं. सोलापुरात साखर पेठेच्या अलीकडे, बोळाच्या तोंडाशी हा स्टुडिओ आहे आणि ज्यांच्या घरी कुणी मेलंय अशा अर्ध्या जिल्ह्याने तो पाहिलेला आहे.

त्याचं असं आहे. खेड्यात म्हातारा वारला की चार-आठ दिवसांनी घरची माणसं सोलापूर गाठायची. हातात काय, तर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. त्यात तिसऱ्या रांगेत, करवलीच्या मागे, म्हाताऱ्याचं अर्धं तोंड. "ह्यातला आमचा म्हातारा मोठा करून द्या, आन् जरा कोट घाला." म्हातारा जन्मात कोटाच्या वाऱ्याला उभा राहिलेला नसायचा. पण भिंतीवर चढायचं म्हटल्यावर कोट पाहिजेच! मग तोंड ब्लेडने कापायचं, ड्रॉवरमधल्या कोटवाल्या धडावर चिकटवायचं, गळ्याची सांध बारक्या ब्रशने बुजवायची, त्याचा पुन्हा फोटो काढायचा आणि तो मोठा करून फ्रेममध्ये घालायचा. घरचे बघून म्हणायचे, अगदी बोलंल असं वाटतंय. कोटवालं धड, फेटेवालं धड, बायकांसाठी नऊवारीतलं धड आणि एक वर्दीतलं धड. ही वर्दी फौजेतल्या एका हवालदाराची होती. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला त्याने झोकात फोटो काढून घेतला आणि न्यायला काही तो परत आला नाही. अण्णांच्या वडिलांनी, अप्पांनी त्याचं मुंडकं काढून धड कामाला लावलं.

अप्पा कडक माणूस. त्यांचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाच्या फोटोला ब्लेड लावण्याआधी त्याची कॉपी काढायची, ब्लेड चालवायचं ते कॉपीवर. अस्सल फोटो जसाच्या तसा परत द्यायचा. दुसरा, काम झालं की धडावरून सोडवलेलं तोंड कचऱ्यात टाकायचं नाही. मेलेल्या माणसाचं तोंड ते, केराच्या टोपलीत कसं टाकणार? त्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तोंडाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहायचं आणि डब्यात ठेवायचं.

आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. ब्लेड गेलं, धंदाही निम्मा गेला, आणि अण्णांच्या नाकावर राग तेवढा राहिला. वय एकसष्ट. आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून फोटो काढून मागणाऱ्यांना ते सरळ हाकलून देतात.

अशा माणसाकडे गेल्या हिवाळ्यात ऋतुजा आली. ती मूळची माळशिरसकडची, इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. तिने एक काम अंगावर घेतलं होतं. जिल्ह्यातल्या साध्या जवानांचं प्रदर्शन भरवायचं. ज्यांचे चौकात पुतळे आहेत त्यांचं नव्हे. मेंढरं सोडून, नांगर सोडून जे भरतीच्या रांगेत उभे राहिले, लढाईत गेले, आणि गावाबाहेर ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्यांचं. वर फोटो, खाली त्याची हकिकत, घरच्यांनी सांगितलेली. असे सदतीस जण तिने गावोगाव हिंडून गोळा केले होते. त्यांचे फोटो नीट कॉपी करून पाहिजेत म्हणून ती फ्रेमासकट सगळं ओझं घेऊन अण्णांच्या काउंटरवर आली.

"मोबाइलवर काढायचे की!" अण्णा खेकसले.

"काढले होते. काचेत माझंच तोंड येतंय," ऋतुजा म्हणाली. अण्णांना हे उत्तर आवडलं. काम त्यांनी घेतलं.

तिच्याबरोबर हिंदुराव होते. निवृत्त सुभेदार, वय सत्तरच्या पुढे, मिशी अजून तेल लावून वळवलेली. कोणती पलटण, कोणत्या पदकाची फीत, कोणतं साल, हे तपासायला ऋतुजाने त्यांना मुद्दाम आणलं होतं. अण्णा एकेक फ्रेम उघडत होते आणि हिंदुराव स्टुलावर बसून भिंग लावून बघत होते. तासभर सगळं ठीक चाललं. मग हिंदुराव एका फ्रेमवर थांबले.

"पोरी, ह्यो बिरप्पा कवा जन्मला म्हणालीस?"

"सहासष्टला. अठ्ठ्याऐंशीला श्रीलंकेत गेला. शांतिसेनेत होता."

"आन् छातीवर पासष्टच्या लढाईची फीत! जन्माच्या आधीच लढून आला की गडी!"

ऋतुजा हसली, पण हिंदुराव हसले नाहीत. त्यांनी बाजूला ठेवलेल्या फ्रेमा पुन्हा मागून घेतल्या, आणि त्यातून आणखी तीन काढून बिरप्पाच्या शेजारी मांडल्या. मोडनिंबचा एक, माळशिरसचा एक, अक्कलकोटकडचा एक. चार तोंडं, चार वयं. फिती मात्र त्याच.

"हे बघ. डाव्या खिशाचं बटण. चौघांचं बी उघडं. आमच्या पलटणीत असं बटण उघडं टाकून कोण उभा ऱ्हायला असता ना, तर उस्ताद लोकांनी त्याला मैदानाला दहा चक्कर मारायला लावलं असतं. चौघं मिळून एकच बटण कसं इसरतील?"

ऋतुजाने फ्रेमा उलट्या केल्या. चारही फ्रेमांच्या मागे एकच शिक्का होता, कलशेट्टी फोटो स्टुडिओ, सोलापूर. मग दोघांनी मान वर करून अण्णांकडे बघितलं.

"त्या वेळी तशी पद्धत होती," अण्णा म्हणाले. "लोक मागायचे, आम्ही करून द्यायचो. चोरी नाही केली." आवाज उगाचच चढला होता.

हिंदुराव म्हणाले, "तुमाला कोण चोर म्हणतंय? पण हे भिंतीवर लागायचं न्हाय. उद्या एकादा जुना फौजी येईल, फीत बघंल आन् म्हणंल खोटी मेडलं लावून उभं केलंय. मग बाकीच्या तेहतीस जणांवर बी लोक संशय घेतील. त्यांची काय चूक?"

म्हणणं खरं होतं, कुणालाही पटावं असं. चौघांपैकी तिघांचं काही अडलं नाही. एकाचं ओळखपत्र होतं, दोघांचे पलटणीतले ग्रुप फोटो होते. घोडं अडलं ते बिरप्पापाशी. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला ऋतुजाने पत्र घातलं होतं, पण प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलेलं आणि छपाई त्याआधी. पलटणीतून आलेल्या ट्रंकेत वर्दी होती, ब्लँकेट होतं, दाढीचं सामान होतं. फोटो नव्हता.

ऋतुजाने तिथूनच बिरप्पाच्या बायकोला फोन लावला. कानाला फोन, हातात वही-पेन, असं जमेना म्हणून स्पीकरवर टाकला. मंगळवेढ्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून धनगरांची वस्ती आहे, तिथून बनाबाईंचा आवाज आला. मागे शेळ्या ओरडत होत्या.

"बनाबाईमावशी, बिरप्पाकाकांचा दुसरा कुठला फोटो आहे का हो? वर्दीतला नको. कसलाही चालेल."

"का? त्याला काय झालं?"

ऋतुजाने तोडकंमोडकं सांगितलं. फिती जुळत नाहीत, तपासणीत बसत नाही, असं काहीतरी.

"मंग त्यास्नी काडून टाकता म्हणा की."

"तसं नाही मावशी..."

"तसंच हाय की. बाकीचं समदं भितीवर आन् हे न्हाईत. एक हुता बाई दुसरा. जत्रंत काडल्याला. माजा आन् त्यांचा. त्यो सोलापुरात फोटोवाल्याकडं दिल्ता, तितं औषधात इरगळला. माजं नशीबच तसलं."

अण्णा स्कॅनरचं झाकण धरून उभे होते. झाकण खाली ठेवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

ऋतुजाने फोन ठेवला आणि शिक्क्याकडे बघून विचारलं, "अण्णा, तुमच्याकडेच दिला होता ना तो? निगेटिव्ह, काही तुकडा, काहीतरी असेल?"

"छत्तीस वर्षं झाली! कुठलं काय असतंय? जुनं सगळं गेलं," अण्णा म्हणाले आणि पुढची फ्रेम उघडायला घेतली.

हे साफ खोटं होतं. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता.

एकोणनव्वद साल. अण्णा तेव्हा नुसता शिवपुत्र, पंचवीस वर्षांचा. अप्पा अक्कलकोटला गेलेले आणि दुकानात बोर्डाच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला पोरांची ही झुंबड. त्यात दोन बायका आल्या. पुढे सासू चंद्रव्वा, मागे काखेत वर्षाचं पोर घेऊन सून. सुनेने पदराच्या गाठीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला. पत्त्याच्या पानाएवढा. मागे पडद्यावर रंगवलेलं विमान, पुढे पटका बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून उभा बिरप्पा आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून, ही. "माझ्या लेकाला मिल्ट्रीचा ड्रेस घाल. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलंय," सासू म्हणाली. ती बोलत होती कानडीत. शिवपुत्रच्या घरची भाषाही तीच.

कॉपी काढायची तर कॅमेरा स्टँडला लावा, रोल भरा, धुवा, वाळवा. बाहेर चाळीस पोरं शंख करतायत. शिवपुत्रने कंटाळा केला. झालं एवढंच. कंटाळा केला आणि अस्सल फोटोलाच ब्लेड लावलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड अलगद निघालं, धडावर फौजी टोपीखाली झकास बसलं. खाली राहिली ती भोक पडलेली घोंगडी आणि शेजारी उभी असलेली बाई. असला फोटो परत कसा द्यायचा? त्याने तो चुरगाळून टोपलीत टाकला.

आठ दिवसांनी दोघी फ्रेम न्यायला आल्या. सासूने लेकाला वर्दीत बघून काउंटरवर डोकं टेकलं. सुनेने एवढंच विचारलं, "त्यो बारका फोटो?"

"केमिकलमध्ये खराब झाला," शिवपुत्र म्हणाला.

सुनेने पोर दुसऱ्या काखेत घेतलं. सासू बोलली. सुनेकडे वळूनही न बघता कानडीत म्हणाली, "हिचा पायगुणच असला. आधी माणूस खाल्लं, आता त्याचा फोटो खाल्ला."

शिवपुत्रला ते समजलं. शब्द न् शब्द समजला. एक वाक्य बोलायचं होतं त्याने, की बाई, फोटो मी कापलाय. तो मूग गिळून बसला आणि पुढच्या पोराला म्हणाला, "मान सरळ कर."

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा खोट्यापायी छत्तीस वर्षं जीव खायचा? अण्णांनीही स्वतःला हेच सांगितलं होतं. दर वर्षी सांगत होते. पण फोनवर ती बाई अजून 'माजं नशीबच तसलं' म्हणत होती, आणि आता त्याच खोट्यामुळे तिचा नवरा प्रदर्शनातूनही जायला निघाला होता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला, दाक्षायणीला सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित ती म्हणेल, जाऊ द्या आता, जुनं झालं. दाक्षायणीने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"डब्यात बघितलं का?"

"कसल्या डब्यात?"

"वेड पांघरू नका. तोंडाच्या डब्यात. तुम्ही तोंड कधी टाकत नाही, मला माहीत आहे. लग्न होऊन आले तर कपाटात मेलेल्यांचा डबा! मी आठ दिवस त्या खोलीत झोपले नव्हते." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आणि तिला तुम्हीच जाऊन सांगायचं. त्या पोरीला मध्ये घालायचं नाही."

सकाळी अण्णांनी डबा काउंटरवर उपडा केला. शे-दीडशे तोंडं असतील. नखाएवढी, बोराएवढी, काही डाग पडलेली, काही अजून कालच कापल्यासारखी. एकेक उलटून ते मागचं नाव वाचत बसले. दहा वाजले तरी शटर अर्धंच उघडलेलं. शेवटी मिळालं. मागे त्यांच्याच अक्षरात, बिरप्पा, मंगळवेढा, ८९.

उलटं करून बघितलं. बावीस वर्षांचा पोरगा. कॅमेऱ्यावर विश्वास नसल्यासारखा बघतोय, ओठ दाबून हसू आवरलेलं. वर्दीतल्या मोठ्या प्रिंटवर शिवपुत्रने ब्रश मारून ते हसू पुसून टाकलं होतं, लढाईतल्या माणसाला शोभत नाही म्हणून. अण्णांना ते आता आठवलं आणि स्वतःचा मनापासून राग आला.

ऋतुजा धावत आली. हिंदुरावांना फोनवर विचारलं. नखाएवढंच आहे, चालेल का? "नखाएवढं असू दे, पण खरं असू दे," हिंदुराव म्हणाले. ठरलं. मोठं करायचं नाही, आहे तेवढंच, रिकाम्या पानावर मधोमध छापायचं. ऋतुजा एवढी खूश झाली की हे तोंड सुटं कसं काय, हे विचारायचंच विसरली.

"मावशींना फोन करते."

"फोन नको," अण्णा म्हणाले. "जाऊ. मला यायचंय."

रविवारी ऋतुजाच्या गाडीतून दोघे निघाले. मंगळवेढा मागे पडेपर्यंत अण्णा नुसतं खिशातलं पाकीट चाचपत होते. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालणारा माणूस. वस्तीवर पोचले तेव्हा बनाबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. छपन्न-सत्तावन्नच्या, उन्हात रापलेल्या, हाडापेराने मजबूत. मुलगा अजिनाथ चिंचोळी एमआयडीसीत कामाला असतो, त्याला रविवारचीही पाळी होती. घरात त्या आणि म्हातारी. म्हातारी म्हणजे तीच चंद्रव्वा, ब्याऐंशी वर्षांची, आतल्या सोप्यात खाटेवर. कानाने गेलेली.

बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावायचा खिळा रिकामा होता. फ्रेम ऋतुजाच्या पिशवीत होती.

बनाबाईंनी अण्णांना ओळखलं नाही. पाणी दिलं, चहा ठेवला, आणि ऋतुजाने वही उघडली तशी बिरप्पाची राहिलेली हकिकत सांगायला बसल्या. मेंढरामागं फिरून एकोणीस वर्षांचा झाला, सोलापूरच्या भरतीत अनवाणी पळून पहिला आला. लग्नानंतर दोनदा सुट्टीवर आला, सगळे मिळून बावन्न दिवस. त्यांनी मोजून ठेवले होते. पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. एका पत्रात समुद्राचं लिहिलं होतं, एवढं पाणी पण मेंढराला प्यायला एक थेंब नाही. रेशन आणायला गाडीतून निघाला होता, रस्त्यात सुरुंग होता.

"गोळीबारात न्हाय गेलं ते. पीठ आन् डाळ आणाया चालले हुते," बनाबाई म्हणाल्या. "लोक म्हणत्यात लढता लढता गेला म्हणून सांग. मी कशाला सांगू? पीठ बी लागतंयच की फौजंला."

सांगून झालं. ऋतुजाने पेन ठेवलं. आता अण्णांची पाळी होती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून पारदर्शक कागदात गुंडाळलेलं ते तोंड काढलं आणि बनाबाईंच्या तळहातावर ठेवलं.

बनाबाईंनी हात उजेडात धरला.

"अगं बया!" त्या म्हणाल्या. तुकडा डोळ्यांजवळ नेला. मग हसल्या. "हे हासत्यात बगा. विमानाच्या पडद्याम्होरं हुभं केल्तं, तवा मला म्हणले, बने, हे उडालं तर गं? म्हणून हासत्यात." आणि एकदम वर बघितलं. "ह्यो तर इरगळला म्हणाला हुता की फोटोवाला."

"तो फोटोवाला मी," अण्णा म्हणाले. "विरघळला नव्हता. मी कापला. कॉपी काढायला पाहिजे होती, कंटाळा केला. आणि तुम्हाला खोटं सांगितलं. ती वर्दीही यांची नाही. दुसऱ्याच्या अंगावर यांचं तोंड लावलंय."

"वर्दीचं मला पयल्याच दिशी कळलं हुतं," बनाबाई शांतपणे म्हणाल्या. "माज्या नवऱ्याचं खांदं मला ठावं न्हाईत व्हय? सासूला पायजे हुती वर्दी, मी गप बसले." त्या पुन्हा तळहाताकडे बघू लागल्या. "पर त्या फोटूत शेजारी मी बी हुते. माजं काय केलं?"

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. वेळ मारून न्यायला काहीच सापडलं नाही.

"टाकलं. टोपलीत."

ऋतुजाच्या तोंडून "अण्णा!" एवढंच निघालं.

बनाबाई उठल्या. अण्णांना वाटलं, आता चप्पल काढते. काढली असती तर बरं वाटलं असतं त्यांना. पण त्यांनी तोंडाचा तुकडा जपून ऋतुजाच्या वहीत ठेवला आणि अण्णांना म्हणाल्या, "चला आत. तिला सांगा."

"कुणाला?"

"माज्या सासूला. आत्ता मला सांगितलं ते तिला सांगा. कानडीत सांगा, आन् मोट्यानं. तिला ऐकू येत न्हाय."

अण्णा खाटेजवळ गेले. चंद्रव्वा भिंतीकडे तोंड करून पडली होती. बनाबाईंनी तिला उठवून बसवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अव्वा," अण्णा म्हणाले, "तुमच्या लेकाचा तो बारका फोटो..."

"आँ?"

"मोट्यानं," बनाबाई म्हणाल्या.

"लेकाचा फोटो! विमानाचा! तो औषधात नाही गेला! मी कापला!"

"कोण हाय ह्यो?" म्हातारीने सुनेला विचारलं.

"फोटोवाला! सोलापूरचा!"

"आता कशाला फोटो? मी मेल्यावर काडा म्हणावं."

एरवी अण्णा यावर पोट धरून हसले असते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले. त्यांच्या आयुष्यात ते एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. शेजारच्या घरातल्या बायका दारात आल्या, समोरचा बाजेवरचा माणूस उठून उभा राहिला. "फोटो मी कापला! ब्लेडने! कंटाळा केला म्हणून! आणि खोटं बोललो! तुमच्या सुनेचा पायगुण नव्हता! त्या दिवशी तुम्ही बोललात ते मी ऐकलं होतं! तरी गप्प बसलो! चूक माझी होती! हिचा काही संबंध नाही!"

आवाज फाटला. चंद्रव्वाने ऐकलं, हे तिच्या डोळ्यांवरून कळलं. तिने अण्णांच्या हातांकडे बघितलं. मग सुनेकडे वळली.

"पायगुण नव्हता?"

"नव्हता अव्वा," अण्णा म्हणाले. आता ओरडायचं त्राण नव्हतं, पण म्हातारीला कळलं.

"मी हिला किती बोलले," चंद्रव्वा म्हणाली. "सणाला बोलले, उठता बसता बोलले. पोराच्या लगनात हिला म्होरं येऊ दिलं न्हाय, आईला, पोराच्या. बने, तू एकदा तरी मला उलटून बोलायचं हुतंस. गप का ऱ्हायलीस गं?"

बनाबाई खाटेच्या कडेला टेकल्या.

"काय बोलू आत्ती? फोटू इरगळला म्हणल्यावर मला बी तेच खरं वाटलं. माज्या पायगुणानंच हे गेलं, असंच मी बी धरून बसले हुते."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या, मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. नवरा गेला तेव्हाही ही बाई अशी रडली नव्हती, असं दारातल्या एका म्हातारीने ऋतुजाला सांगितलं. चंद्रव्वाचा हात सुनेच्या पाठीवर होता, पण तो काही फिरत नव्हता, नुसता ठेवलेला होता. अण्णा खाटेसमोर उभेच होते. त्यांना कुणी जा म्हटलं नाही, आणि बसा असंही कुणी म्हटलं नाही.